वरची उजवी टिकली

फोटोत माणूस कुठे बसवायचा, हे मला कोणी शिकवलं नाही. मी ते टीव्ही बघून शिकले आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

१९८८ साली आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहत होतो. माझे यजमान शशिधर हॉस्पिटलात डॉक्टर, मी घरी. मला गाडी चालवता येत नव्हती आणि त्या गावात गाडी चालवता न येणाऱ्या बाईचं जग पहिल्या राउंडअबाउटला, पहिल्या गोल चौकातच संपतं. मग दुपारी मी व्हिडिओ टेप लावायची, आवाज बंद करायची आणि मध्येच पॉझ दाबून बघत बसायची. चेहरा कुठे आहे, खिडकी कुठे, मोकळी जागा किती सोडलीय. हळूहळू डोकं चालायला लागलं. पडद्याचे उभे-आडवे तीन-तीन भाग केले, की रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या चार ठिकाणी नजर आपोआप जाते. खुणेसाठी मी तिथे माझ्या कपाळावरच्या काढलेल्या मरून टिकल्या चिकटवल्या.

मैत्रीण अलका बघून खोखो हसली. "अगं, टिकली काढली की आरशाला लावतात! आरशात निदान आपण तरी असतो. टीव्हीत कोण आहे तुझं?"

"आरसा कंपोझिशन शिकवत नाही," मी म्हटलं.

ती बाई मला पहिल्यांदा दिसली एका पोलिसी मालिकेत. बाजारातली गर्दी, आणि वरच्या उजव्या टिकलीखाली पाठमोरी ती. दुसऱ्या टेपमध्ये रेल्वे स्टेशन होतं, तिथेही तीच. मी म्हटलं, एक्स्ट्रा असेल, पैसे वाचवायला तीच तीच बाई वापरत असतील. तिसऱ्या टेपमध्ये उघडं माळरान होतं, आणि त्याच टिकलीखाली ती. आवाज लावून ते दृश्य पुन्हा पाहिलं. निवेदक सांगत होता, इथे मैलोन् मैल माणूस नाही.

पुढच्या रविवारी मी शशिधरांना कालव्याकाठच्या बाकावर डावीकडे बसवलं, उजवीकडे भरपूर जागा मोकळी सोडली आणि फोटो काढला. तिथे कोणी नव्हतं. चौकटीचा कोपरान् कोपरा तपासल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

प्रिंट आली तेव्हा मोकळ्या जागेत मरून कार्डिगन घातलेली बाई उभी होती. तोंड अर्धवट वळलेलं.

तसलं कार्डिगन माझ्याकडेही होतं. असतील हजारो, दुकानातलंच तर होतं.

तो फोटो मी कॅमेरा क्लबच्या स्पर्धेला दिला. क्लबात मी सगळ्यांसाठी 'द डॉक्टर्स वाइफ' होते. परीक्षक म्हणाले, बाकावरचा गृहस्थ ठीक आहे, पण ही बाई जिथे उभी केलीय, त्याला दृष्टी लागते. पहिलं बक्षीस! त्या हॉलमध्ये माझं नाव पहिल्यांदा पुकारलं गेलं, सुप्रभा, अडखळत का होईना, पण माझं. माझा ऊर भरून आला. बाई मी उभी केलीच नव्हती, हे मी सांगितलं नाही. का सांगू? जागा तर मीच सोडली होती.

घरी आल्यावर शशिधर फोटो घेऊन सोफ्यावर बसले. बक्षिसासकट त्यांचा फोटो घ्यावा म्हणून मी टीव्हीपुढे ट्रायपॉड लावला.

"तुझा इतका छान फोटो आजवर आला नव्हता," ते म्हणाले. "काढला कुणी?"

"अहो, मीच काढला."

"फोटोत तर तू आहेस. मग कॅमेऱ्यामागे कोण होतं?"

थट्टा करताहेत असं वाटलं. मी हसून मागे वळले. टीव्ही बंद होता आणि काळ्या काचेत आमचा दिवाणखाना दिसत होता.

काचेवर तीनच टिकल्या होत्या. वरची उजवी नव्हती.

काचेत शशिधर सोफ्यावर होते. त्यांच्याशेजारी ती बसली होती. आता तोंड पूर्ण वळलेलं. कपाळावर मरून टिकली.

मी स्वतःला शोधलं. काचेसमोर ट्रायपॉड होता. ट्रायपॉडशी कोणी नव्हतं.

"अहो," मी हाक मारली.

ते शेजारच्या जागेकडे वळले. "चहा टाकतेस का, सुप्रभा?"

"टाकते," माझ्याच आवाजात उत्तर आलं. मी तोंड उघडलं नव्हतं.

काचेतली फ्रेम मात्र अगदी बरोबर होती. ती मीच लावली होती.