वळणाच्या पुलावरची सरळ फळी

चहा ओता, आणि तो मोबाइल पालथा ठेवा. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं नाही. पण ज्याच्यावर बेतलं तो लू वेइलियांग, सुतार, माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आणि थापा मारायला जी अक्कल लागते ती त्याच्यापाशी नाही.

मेट्रो स्टेशनामागची तळ्याची बाग, तिथली गोष्ट. दिवसा तिथं पाय ठेवायला जागा नसते. पोरी भाड्याचे रेशमी झगे घालून फोटो काढून घेतात, आणि मागचे काचेचे टॉवर दिसू नयेत म्हणून नवऱ्यांना उकिडवं बसवतात. वेइलियांगचे वडील तिथं रात्रीचे पहारेकरी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी तळ्यातल्या मंडपातच निजायचे. वाऱ्याला बरं वाटतं म्हणायचे.

गेल्या वर्षी काठावरून मंडपात जाणाऱ्या वळणावळणाच्या पुलाची डागडुजी वेइलियांगकडे आली. दगडांची ढकलगाडी प्रत्येक वळणावर अडायची. वैतागून त्यानं एक दिवस काठापासून मंडपापर्यंत लांब फळी टाकून दिली. सरळ.

म्हातारा असा भडकला, काय सांगू. पूल वाकडा का बांधलाय, बापजाद्यांना सरळ रेघ मारता येत नव्हती म्हणून? जे रात्री येतं ते सरळच चालतं, त्याला वळता येत नाही, हे तुला शेंबडा होतास तेव्हापासून सांगतोय. बोलला खरा. पण गुडघा ठणकला की स्वतःच गुपचूप फळीवरून जायचा. एकच अट घातली त्यानं. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, मेलेले परत येतात त्या रात्री, दिवस मावळायच्या आत फळी काढायची.

तो दिवस आला आणि हा विसरला. संध्याकाळी बापासाठी नूडल्सचा डबा घेऊन निघाला तर गल्लीच्या तोंडाशी बायका मेलेल्यांच्या नावानं कागद जाळत बसलेल्या. ते बघितलं आणि फळी आठवली. फोन लावला. बाप उचलेना.

नोकरांच्या दारानं आत शिरला. बाग रिकामी, वर टपोरा चंद्र. फळी होती तशीच. डबा ठेवला, फळी ओढून काठावर घेतली, आणि हुश्श केलं.

तेवढ्यात मंडपातून बापाचा आवाज आला.

"आलास? फळी का काढलीस रे?"

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना."

"टाक परत. गुडघा ठणकतोय."

"पुलावरून या. सावकाश. मी बॅटरी धरतो."

...

बेडूकसुद्धा गप्प झाले.

"वळणं... जमत नाहीत रे मला."

आता सांगा, काय करायचं त्यानं? गुडघा खरंच दुखत होता. आवाज बापाचाच. हात फळीकडे गेले... आणि थांबले. तिकडे बाप असेल तर त्याला एकटं टाकायचं नाही. बाप नसेल तर फळी टाकायची नाही. मग उरलं काय? तो स्वतःच पुलावर चढला.

पहिलं वळण.

"फळी टाक."

दुसरं.

"थंडी वाजते..."

एवढ्या उकाड्यात थंडी.

तिसऱ्या वळणाला काहीच नाही. ते जास्त वाईट.

मंडपात खाटेवर बाप. गाढ झोपलेला. घोरत होता. उशीखाली फोन, खाटेखाली नवे कापडी बूट, जोडून ठेवलेले. दुसरं कुणीच नाही.

वेइलियांगनं बापाला तसंच पाठुंगळी घेतलं आणि परत फिरला. म्हातारा जागा झाला, करवादला. काय पोरखेळ लावलाय, निदान बूट तर घालू दे.

आणि मागून, मंडपातून, त्याच आवाजात...

"वेइलियांग... आणि मी?"

पाठीवरच्या म्हाताऱ्यानं पोराच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. कानाशी एवढंच म्हणाला,

"वळत राहा. मागं बघू नकोस."

वळला. परत वळला. काठ आला. डबा तिथंच टाकून घरी.

उजाडल्यावर दोघं गेले. म्हातारा ऐकेना, म्हणाला मीही येतो. फळी काठावर, ओढून ठेवली होती तिथंच. कुणी हलवलेली नाही. मंडपात खाट, उशी, सगळं जागच्या जागी. बूट तेवढे खाटेखाली नव्हते.

फळीचं मंडपाकडचं टोक ज्या दगडावर टेकायचं ना, त्या दगडावर होते. पाण्याच्या अगदी कडेला. चवडे अलीकडे, काठाकडे.

वेइलियांगनं उचलले. बाहेरून कोरडे ठणठणीत. दगडही कोरडा. मग त्यानं आत हात घातला...

आतून ओलेचिंब.