ड्रमवाल्याचा मेकअप

"हलू नका हो, डोळ्यात जाईल," मी दटावलं, आणि तो बिचारा पुतळ्यासारखा बसला.

गाजलेल्या पॉप बँडवर सिनेमा निघणार होता, आज चौघांची स्क्रीन टेस्ट. मला वाटलं, गायक, म्हणजे सिनेमाचा हिरो, तो हाच. जीव ओतून सजवलं त्याला... मेकअपची मुख्य म्हणून माझा पहिलाच सिनेमा ना! शेवटचा पफ फिरवताना तो हळूच म्हणाला, "एक सांगू? मी ड्रम वाजवतो. इथे पाणी मागायला आलो होतो."

"मग आधी बोलायचं नाही का?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे? आणि नंतर... उठावंसंच वाटेना."

मेला लाघवी. मी हसू दाबलं आणि खऱ्या गायकाच्या तोंडावर घाईघाईत पावडर फिरवून त्याला पाठवून दिलं.

कॅमेऱ्यासमोर चौघंही गात-वाजवत होते, पण निर्मात्याची नजर ड्रमवाल्यावरून हलेना. "हिरो हाच," त्याने जाहीर केलं. "बाकीच्या तिघांच्या जागी नट घेऊ."

गायक हा ड्रमवाल्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याने पाठीवर थाप मारली. "जा रे. आपल्यातला एक तरी पडद्यावर दिसू दे."

"चौघं असू तर सिनेमा," ड्रमवाला म्हणाला. "नाहीतर आमची गाणी बरी आणि आम्ही बरे."

निर्मात्याने परोपरीने समजावलं. हा आपला नाही म्हणजे नाहीच. सिनेमा तिथेच बारगळला.

थोड्या वेळाने तो तोंड पाडून माझ्या खुर्चीत येऊन बसला. "पुसा सगळं. तुमचाही सिनेमा घालवला मी. रागावलात?"

राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांनी मोठं काम हाती आलं होतं. पण त्याचं ते 'नाही' ऐकून ऊर असा भरून आला होता, की राग टिकेना. मी कापूस भिजवून रंग पुसायला लागले. खालून त्याचा सावळा, घामेजला चेहरा निघाला.

"चुकलं का माझं?"

"हो म्हणाला असतास ना, तर तुझं तोंड पाहिलं नसतं मी."

तुम्हीचं तू कधी झालं, मला कळलंच नाही. त्याला मात्र बरोब्बर कळलं.

"रंग तर निघाला," तो म्हणाला. "मग हात अजून गालावर कसा?"

"आवडतोस तू मला... म्हणून."

तेवढ्यात ते तिघं दारात येऊन उभे राहिले. गायक मुद्दाम खाकरला.

मी हात काढला नाही.