पिवळ्या मण्यानंतर

“बाई, ‘थांब’ची खूण चुकून मध्येच आली तर?”

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. जीवशास्त्राच्या बाईंना शिकवताना कुणी मध्ये बोललेलं खपत नाही, आणि मला हल्लीच कंठ फुटलाय, असं आमच्या चष्मिशचं म्हणणं. खरंय ते. मागच्या वर्षी मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. यंदा रिलेत शेवटची धाव मला मिळाली आणि तोंड सुटलं ते सुटलंच. आता सगळ्या मला भिंगरी म्हणतात.

प्रश्न चष्मिशने रचला होता. तो प्रश्न आमच्याच घरात राहतो, हे तिला कुठून ठाऊक असणार?

बाई रागावल्या नाहीत. “तर साखळी तिथेच तुटते. अर्धवट प्रथिन पेशी ठेवत नाही, मोडून टाकते.”

वर्ग हसला. मी पैज जिंकले होते, पण मला हसू येईना.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. स्नायूंना लागणारं एक प्रथिन तिच्या अंगात असंच अर्ध्यावर तुटतं. डॉक्टर म्हणाले, आईकडे ते प्रथिन बनवायच्या सूचनेची एक प्रत चांगली, एक बिघडलेली, बाबांचंही तेच. दोघांचं चांगल्या प्रतीवर भागतं. ताईच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच आल्या. सुरुवात कशी झाली, तर जिना चढताना ती कठडा धरायला लागली. बस्स, एवढंच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता ती पलंगावर असते. बाबा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर सगळ्यांत मोठ्याने ताईच हसते.

सोमवारी माझं रक्त तपासायचं होतं. ताईचं दुखणं माझ्यातही आहे की नाही, ते कळणार होतं. आणि शर्यतही नेमकी सोमवारीच.

तर, बाईंची शिकवायची पद्धत भारी आहे. मूळ पुस्तक कपाटातून बाहेर काढायचं नाही. एकीने कपाटाशी उभं राहून त्यातली अक्षरं कागदाच्या पट्टीवर उतरवायची. दुसरीने ती पट्टी तीन-तीन अक्षरांनी वाचायची. प्रत्येक तिकडीला एक ठरलेला रंग. तिसरीने त्या रंगाचा मणी ओवायचा. ‘थांब’ची तिकडी आली की कात्रीने दोरा कापायचा. पेशीत प्रथिन असंच तयार होतं.

चष्मिश वाचत होती, मी ओवत होते. लाल, लाल, निळा, पांढरा, पिवळा. मी दोरा कापला.

“अगं ए, कापलास काय? अजून अर्धी पट्टी आहे!”

“तू ‘थांब’ म्हणालीस ना.”

“मी? कान धू जा!”

बाईंनी दुसरी पट्टी दिली. वेगळ्या धड्याची, वेगळ्या रंगांची. चष्मिश मोठ्याने, सावकाश वाचत गेली. मी नीट ऐकत होते. खरंच ऐकत होते.

कात्री वाजली. मी खाली पाहिलं.

लाल, लाल, निळा, पांढरा, पिवळा.

चष्मिशने पट्टी माझ्या साखळीशेजारी धरून पाहिली. बाईंनी माझ्या हातातली कात्री हळूच काढून घेतली. “जा, पाणी पिऊन ये,” एवढंच म्हणाल्या.

उरलेल्या मण्यांचा डबा मी बाईंना विचारून घरी आणला. दोन्ही साखळ्या खिशात होत्या. त्या मी कुणाला दाखवल्या नाहीत.

“ताई, कंटाळली असशील. ओवतेस?”

“आण. नाहीतरी माझ्या मागे कामांची केवढी रांग लागलीये,” ताई म्हणाली.

तिची बोटं फार सावकाश चालतात. समोर पट्टी नव्हती. मी काही सांगितलंही नव्हतं. लाल. लाल. निळा. पांढरा. पिवळा. तिने दोरा चादरीवर ठेवला.

“पुढे?” मी विचारलं.

“पुढे नाहीये गं.”

आई शिलाई मशीनवरून उठून आली. तिचे हात म्हणजे वारा. मी गंमत म्हणून दोरा दिला. तिने डब्यात न बघताच मणी उचलले. पिवळ्यानंतर तिचा हात अडला. श्वास घेण्याइतका. मग हिरवा, मग करडा, आणि ती ओवतच राहिली.

बाबांची बोटं जाड, ग्रीसने काळवंडलेली. तेच पाच मणी. पिवळ्यानंतर तेही अडले. मग हिरवा. मग करडा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

“बास झाला खेळ,” बाबा म्हणाले.

“हिला नाही ओवायला दिलं?” ताई माझ्याकडे बघत म्हणाली.

मी खिशात हात घातला. दोन्ही साखळ्या मुठीत आल्या. मूठ खिशातच ठेवली.

मी चपला न घालताच बाहेर पडले. तळमजल्यापर्यंत उतरले आणि तिथून धावत वर सुटले. पहिला मजला. दुसरा. मी भिंगरी आहे. तिसरा.

आईबाबा दारात उभे होते.

मला धाप लागली नव्हती. “आले,” म्हणाले तो आवाजही खणखणीत होता. पण आई माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर जिथे होती तिथे मी पाहिलं.

माझा हात कठड्यावर होता.

मी तो काढला आणि म्हटलं, “सोमवारी दवाखान्यात येणार नाही मी. शर्यत आहे. शेवटची धाव माझीच आहे.”