बैठकीचं माप

चिखलात रुतलेला माणूस देखणा आहे की नाही, ते लगेच कळत नाही. फैज मला धुतल्यावर कळला.

पोळा होऊन गेला होता, तरी पाऊस काही जायचं नाव घेत नव्हता. मारेगावच्या पुढे एका ट्रॅक्टरचा मोडका सुटा भाग आणायला मी अब्बांची जीप घेऊन निघाले होते. काळ्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशीची ओलीचिंब पऱ्हाटी. वळणावर पाहते तर काय, एक मोटरसायकल अर्ध्या चाकापर्यंत रुतलेली आणि तिच्याशेजारी एक लांबडा मुलगा, पांढरा शर्ट घालून! या मातीत पांढरा शर्ट घालून फक्त दोन जण येतात. एक पाहुणा आणि दुसरा नवरदेव.

"नवरदेव आहात काय?" मी जीप थांबवून विचारलं.

"अजून नाई जी," तो म्हणाला. "सुट्टीवर आलो मस्कतहून. गाव हेच हाय, पन माती मले वळखून नाई राह्यली."

मी दोर काढला. त्यानं मोटरसायकलला गाठ मारली आणि ती पाहूनच मला हसू आलं. असली गाठ चपलेलासुद्धा कोणी मारत नाही.

"राहू द्या. गाठ मी मारते. तुमी गाडी जरा मागं घ्या. येते ना चालवता?"

"तिकडं तेच काम करतो जी. वाळवंटात इंजिनेर लोकाईले फिरवतो."

तो ऐटीत जीपमध्ये चढला आणि पुढच्याच क्षणी 'या अल्लाह' म्हणून ओरडला. गुडघे स्टिअरिंगला अडकले होते. त्यानं हाताची वीत पसरून स्टिअरिंगपासून सीटच्या पाठीपर्यंत जागा मोजली, एकदा मोजली, मग पुन्हा मोजली.

"दोन वीत! पुऱ्या दोन वीत! इथं मानूस बसते का मांजर?"

"मी बसते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंडावर चिखल, त्यात फक्त डोळे स्वच्छ... "मंग मांजर नाई," तो हळूच म्हणाला, "वाघीन असन."

मला राग यायला हवा होता. राग यायला मला वेळ लागत नाही, हे अख्ख्या यवतमाळला माहीत आहे. पण आला नाही. मी गाठ आवळायला दोर ओढायला घेतला, तर त्यानं खिशातला निळ्या चौकड्यांचा रुमाल काढून दोराला गुंडाळला, जिथे माझा हात येणार होता तिथे.

"दोर काचन तुमाले."

"मले सवय हाय."

"मले पाह्याची सवय नाई," तो म्हणाला.

मोटरसायकल निघाली. ओढ्याच्या पाण्यात त्यानं तोंड धुतलं आणि मग मला कळलं. रुमाल मात्र माझ्याकडेच राहिला. परत मागायचं त्याला सुचलं नाही, आणि द्यायचं मला.

दोनच दिवसांत तो आमच्या गॅरेजात हजर. अब्बांचं नाव जफर मिस्त्री. लोक घरं बांधतात, तसे अब्बा जीप बांधतात. लिलावातली जुनी चेसिस, कुठलं तरी इंजिन, आणि पत्रा आमच्याच अंगणात ठोकलेला. चिखल असो, नाला असो, गाडी निघते. पण ते साल वाईट होतं. कापसाला भाव नाही, म्हणजे यवतमाळात कशालाच भाव नाही. जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. फैजचे अब्बा, जमीरचाचा, अशाच एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये फिटर होते, म्हणून तर फैज परदेशी गेला. आमच्याकडे नवीन जीप सांगायला कोणी येत नव्हतं. अंगणातल्या चेसिसवर गवत वाढलं होतं.

"मले जीप पाह्यजे," फैज अब्बांना म्हणाला. "गावातून मारेगावच्या बाजाराले लोकाईची ने-आन करन अशी. पावसात एसटी येत नाई आमच्याकडं."

"चालवनार कोन?" अब्बांनी विचारलं.

हा प्रश्न अब्बा प्रत्येकाला विचारतात. शिंपी अंगाचं माप घेतो, तसे अब्बा चालवणाऱ्याचं माप घेतात. ड्रायव्हरची सीट सगळ्यात शेवटी बसते, त्याच्या पायाच्या, पाठीच्या, हाताच्या मापानं. तोवर गाडी हलवायची तर लाकडी पेटीवर बसून. दुसऱ्याच्या मापात बसला की माणूस गाडी चालवत नाही, गाडी माणसाला चालवते, असं त्यांचं म्हणणं.

"अब्बाले चालवता येत नाई," फैज म्हणाला. "कोनी तरी ठेवू. मानूस ठरला का माप सांगतो."

आणि तो मस्कतला निघून गेला.

मग सुरू झाले शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजनंतर त्याला वेळ असायचा आणि गॅरेजातला फोन वाजायचा. अब्बा पत्रा ठोकत असायचे, म्हणून फोन मी उचलायची. निदान कारण तरी हेच सांगायची.

"कुठवर आली गाडी?" त्याचा पहिला प्रश्न.

"चाकावर उभी राह्यली."

"हॉर्न कसा लावला?"

"हॉर्नसारखा."

"ऐकवा ना जी."

मी बॅटरीची तार फोनपर्यंत ओढून हॉर्न वाजवला. शेजारचा चहावाला धावत बाहेर आला. मस्कतमध्ये कोणीतरी खो खो हसत होतं.

पुढच्या शुक्रवारी त्याला दुसरा हॉर्न हवा होता. मग ताडपत्री हिरवी हवी, मग मागे पायरी हवी, म्हाताऱ्या बायांना चढायला. पायरी मला पटली. पण आरसा तीनदा बदलल्यावर माझं डोकं सरकलं.

"तुमाले गाडी पाह्यजे का नाई? अशानं ती होनारच नाई!"

तो म्हणाला, "झाली का मंग... फोन कायले करू?"

तारेतून नुसती खरखर येत होती आणि मला ती खरखरसुद्धा आवडत होती. प्रेम, प्रेम म्हणतात ते असं बिनकामाचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तिकडं एवढ्या भारी गाड्या. मंग आमचं डबडं कायले?"

"तिकडच्या गाडीत एसी हाय. बटन दाबलं का काच खाली येते. पन रुतली तर..." तो थांबला. "दोर घेऊन कोनी येत नाई."

त्या रात्री मी रुमाल तिसऱ्यांदा धुतला. तो आधीच स्वच्छ होता.

आणि मग पुसदचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा चांगला, पण निरोपात एक वाक्य होतं. निकाहनंतर मुलीनं गाडी चालवायची नाही. अम्मी गेल्यापासून अब्बांनी मला याच अंगणात वाढवलं. मी चालायला शिकले ते टायर धरून. पण अब्बा थकले होते, काम नव्हतं, आणि लेक घरात ठेवून बापाला झोप लागत नाही.

"ही जीप जाऊ दे, बेटा," ते म्हणाले. "मंग पुसदले जबाब देऊ."

म्हणजे जीप झाली की माझं स्टिअरिंग सुटणार होतं. फोनही सुटणार होता. शुक्रवारी मी हे सगळं फैजला सांगितलं, अगदी सहज, जणू ब्रेकच्या तेलाबद्दल बोलावं तसं.

"तुमी काय म्हनता?" त्यानं विचारलं.

"मले कोन विचारते?"

त्यानं फोन बंद केला. ना 'खुदा हाफिज', ना काही.

आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. पुढच्या शुक्रवारी फोन आला, तेव्हा त्याच्या आवाजात कसली तरी घाई होती.

"सीटचं माप लिहून घ्या. स्टिअरिंगपासून पाठीपर्यंत अठरा इंच."

"अठरा? एवढं कमी? कोनाले ठेवलं चालवाले?"

"ठेवलं नाई. बाई हाय. म्हंजे... मुलगी हाय एक. मले तिलेच चालवू द्याची हाय गाडी. मी अम्मीले बी सांगतलं. अतियाजी, आयका ना..."

मी फोन आदळला. काही ऐकायचं नव्हतं मला! मी पुसदला जाऊन घरात बसणार, आणि हा कोणत्या तरी मुलीला माझ्या बापानं बांधलेल्या जीपमध्ये बसवणार. पायरी माझी, हॉर्न माझा, शुक्रवार माझे, आणि बैठक तिची! फोन पुन्हा वाजला. अब्बांनी उचलला. ते 'हां, हां' करत बराच वेळ ऐकत राहिले आणि मग चष्मा पुसत बाहेर आले.

"सीट तू बसव," ते म्हणाले. "नट चांगले आवळ."

मी आवळले. एवढे आवळले की पाना वाकायचा बाकी राहिला.

कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा जमीरचाचा आणि फैजची अम्मी, जुबैदाखाला, जीप न्यायला आले. तो शुक्रवारच होता. अब्बांचा दुसरा नियम असा की ज्याचं माप, त्यानंच पहिली फेरी मारायची.

"चालवनारी कुठं हाय?" मी विचारलं. हिरव्या ताडपत्रीखाली जीप अशी नटून उभी होती की मला तिच्याकडे पाहवेना.

जुबैदाखालांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी अब्बांकडे. अब्बांनी चावी माझ्या हातात ठेवली.

"बस," ते म्हणाले.

"मी?"

"बसून तर पाहाय."

मी चढले. पाठ टेकली. पाय आपोआप क्लचवर गेला, पुरता, तळव्यासकट. हात स्टिअरिंगवर पडले आणि कोपर जिथे वाकायला हवं तिथेच वाकलं. नवीन गाडीत अंग चोरून बसावं लागतं, पण इथे मला काहीच चोरावं लागलं नाही. मी हाताची वीत पसरली. माझी वीत लहान, दोन भरून जागा उरली. त्याची मोठी होती. त्याच्या असत्या तर... दोन. पुऱ्या दोन.

इथं मानूस बसते का मांजर?

शेडमधला फोन वाजू लागला. मी उडी मारून धावले.

"बसली काय?" फैजचा आवाज.

"तुमी... तुमी माप लक्षात ठेवलं होतं?"

"इथं येऊन वीत पट्टीवर मोजली. नऊ इंच भरली. अतिया, आयक आता. फोन नको आपटू." तो पहिल्यांदा मला 'तू' म्हणत होता. "पुसदवाले चावी काढून घेनार. मी देऊन राह्यलो. तू नाई म्हनलं तरी गाडी तूच चालव, गावाले ड्रायव्हर पाह्यजेच होता. पन तू हो म्हनलं तर... तर मले लय आनंद होईन. मले तू आवडते. त्या दिवशी चिखलातच आवडली, पन तोंड धुतल्याबिगर कसं बोलू?"

मी रडत होते की हसत होते, कोण जाणे. दारात अब्बा उभे होते, पत्र्याकडे पाहण्याचं नाटक करत.

"अब्बा, तुमाले ठाऊक होतं?"

"त्यानं सांगाच्या आधी, मापावरूनच," अब्बा म्हणाले. "तुह्यी बैठक मीच बसवतो ना इतकी वर्षं. पुसदले जबाब मी दिला नाई अजून. तू सांगशीन तोच देईन."

मी फोनवर परत आले.

"फैज, गाडी अजून झाली नाई."

"आता काय राह्यलं?" तो घाबरला.

"बाजूची सीट. माप घेतल्याबिगर आमी सीट बसवत नाई. अन तुमचे पाय लांब हायेत. स्वतः येऊन द्यावं लागन माप."

खरखरीतून त्याचा आवाज आला, "ईदले येतो. कायमचा येतो. माप घेऊन ठेवजो जिंदगीभराचं."

फोन ठेवला आणि मी पाना उचलला. सगळ्यांच्या देखत बाजूच्या सीटचे नट खोलले आणि सीट काढून अब्बांच्या हातात दिली. जमीरचाचा 'अरे, अरे' करत राहिले. जुबैदाखालांना मात्र सगळं कळलं. त्या तोंडाला पदर लावून हसत पायरीवरून मागे चढल्या. पायरी अगदी बरोबर उंचीची झाली होती.

निघताना त्यांनी आपली पिशवी पुढच्या रिकाम्या जागेवर ठेवायला हात लांब केला.

"तिथं नको, खाला."

मी ओढणीच्या टोकाला बांधलेला निळ्या चौकड्यांचा रुमाल सोडला आणि त्या उघड्या पत्र्यावर पसरला, एसटीत खिडकीतून टाकून जागा धरतात, तसा. मग दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी मारेगावच्या रस्त्याला लावली.