टोचणाऱ्या बाईंचा नवरा

नर्स जोकबेद गेल्याचं उंबरमाचीला कळलं ते तिच्या नवऱ्याच्या, एफ्राइमच्या दारात. प्रबळगडाच्या कड्याला चिकटलेल्या त्या वाडीतला बुधाजी ठाकर पनवेलात उतरला आणि नेहमीसारखी त्याने ओट्यावरून हाक मारली, "नर्सबाय, हायत का?"

एफ्राइम बाहेर आला. "बाई गेल्या, बुधाजी. काविळीने. श्रावणातच."

बुधाजी मटकन खाली बसला. म्हणाला, "मग आता टोचनार कोन? खालच्या गावात देवीची साथ आलीय."

दवाखान्यात नवी नर्स होती. उरणच्या कोळ्यांची दमयंती, जोकबेदच्याच हाताखाली शिकलेली. पण माचीवर परक्याची सुई कुणी लावून घेत नसे. जोकबेद आधी स्वतःच्या दंडावर टोचून दाखवायची, तेव्हा कुठे आया पोरं पुढे करायच्या.

"बायच्या घरचं मानूस आलं तर आयकतील," बुधाजी म्हणाला.

घरचं माणूस एकच उरलं होतं, एफ्राइम स्वतः. ते स्टुलावर चढलं तरी जोकबेद त्याच्या पोटऱ्या धरायची, आणि सुई दिसली की ते आडवं व्हायचं. एफ्राइम चौकटीला धरून उभा राहिला. जिच्यासाठी तो कधी एक डोंगर चढला नव्हता, तिने जपलेली माचीची पोरं वर होती.

"येतो," तो म्हणाला.

उजाडताच एफ्राइम, बुधाजी आणि दमयंती चढाला लागली. लस बर्फाच्या थर्मासात होती. बर्फ वितळायच्या आत माची गाठायची होती. खालचं रान दाट होतं, कारवीच्या झुडपांतून वाट वर जात होती, आणि दरी दिसत नव्हती तोवर एफ्राइम बरा चालला. मग रान संपलं. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही!

त्याचे पाय थांबले. बुधाजीने डोक्याचा पटका सोडून त्याच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मुठीत घेतलं.

"भाऊ, दरीकडे बघू नका," दमयंती पुढून म्हणाली. "माझ्या टाचा बघा."

"भेगाच आहेत नुसत्या."

"मग त्या बघा. बायकोच्या तरी बघितल्यात का कधी?"

तो कातळाला पोट लावून सरकू लागला. एक पाय. दुसरा पाय. दगड निसटला! डावा पाय हवेत गेला. पटका कमरेत रुतला. बुधाजीने कचकन ओढलं आणि एफ्राइमचं कपाळ कातळावर आपटलं. दगड पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

"चला," एफ्राइम डोळे मिटून म्हणाला. "बर्फ वितळतंय."

माचीवर म्हातारी जनी वाट अडवून उभी होती. तिच्यामागे बायका पोरांना पाठीशी घालून उभ्या.

"बायचा नवरा? तो तर कदी वर आला नाय. ह्यो दवाखान्याचा कोनीतरी. बुधाजी चहाला भुलून घेऊन आला आसंल."

एफ्राइमने बाही वर केली. "दमयंती, आधी मला टोच."

"भाऊ, पडाल."

"टोच."

त्याने मान वळवली. तरी सुई दिसलीच. माची फिरली, आणि तो जागच्या जागी कोसळला.

"मेला!" कुणीतरी ओरडलं. बायका पोरं उचलून रानाकडे धावल्या.

एफ्राइमला शुद्ध आली तेव्हा त्याचं डोकं जनीच्या मांडीवर होतं. तोंडावर पाणी होतं. म्हातारी हसत होती.

"फिरा गं माघारी! बाय दर साली सांगायची, माजा मानूस सुई बगून झोपतो. आमाला वाटायचं, पोरांना हसवाया सांगते. ह्यो तिचाच हाय."

हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग स्वतःचा दंड दमयंतीपुढे धरला.

बायका एकेक करून परतल्या. पोरं रडली, आणि टोचून झाल्यावर या झोपणाऱ्या माणसाला बघायला पुन्हा भोवती जमली. दर साली, एफ्राइमच्या मनात आलं. दर साली ती आपल्याला इथे घेऊन येत होती.

ऊन कलताना दमयंतीने थर्मास उपडा केला. नुसतं पाणी निघालं.

"कुणी राहिलं का?" एफ्राइमने विचारलं.

बुधाजीने कड्याच्या पलीकडे बोट दाखवलं. "कातळवाडी. वाट हिच्याहून अरुंद हाय."

एफ्राइमने पटका पुन्हा कमरेला बांधायला घेतला. आज आधी नव्या लशीसाठी खाली उतरायचं होतं. कातळवाडीची पोरं अजून टोचायची राहिली होती.