पान सत्तेचाळीसचा समास

डुगडुगणारी एक खुर्ची.
बाहीवर निळ्या शाईचा डाग.
नियम एकतीस : इंग्रजी वाक्य ‘बट’ने सुरू करू नये.
दोन हात, एकच शब्दकोश.

खुर्ची तिची, डाग त्याचा. छापखान्याच्या वरच्या खोलीत ‘इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका’ या पुस्तकाची प्रुफं दोघं तपासायची. पहिलं वाचन तिचं, लाल शाईत. दुसरं त्याचं, निळ्या. पहिल्याच दिवशी दोघांचे हात एकदम शब्दकोशावर पडले.

“आधी तुम्ही,” तो म्हणाला... आणि हात काही काढला नाही.

तेव्हापासून नियमागणिक भांडण.

“‘बट’ने सुरुवात? आमच्या बाईंनी वर्गाबाहेर काढलं असतं!”

“बोलताना माणसं सर्रास करतात. रागावल्यावर तुम्ही नाही करत?”

“मी रागावतच नाही.”

“मग हे काय चाललंय?”

तिला हसू आवरेना. म्हणून ती आणखी रागावली.

सोमवारी त्याने खाली बसून तिच्या खुर्चीच्या आखूड पायाखाली कागदाची घडी सरकवली. “घ्या. आता भांडताना तोल जाणार नाही.”

मंगळवारी शिपाईकाका सहज बोलून गेले, “या निळ्या शाईवाल्या साहेबांना परगावी मोठी नोकरी लागलीय म्हणे.” त्या दिवशी तिने एकाही नियमावर भांडण काढलं नाही.

बुधवारी पान सत्तेचाळीस त्याच्याकडून तिच्यासमोर परत आलं. नियम एकतीसच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं – ‘शनिवारी कॉफी घ्याल माझ्याबरोबर?’

छापखान्याची रीत अशी, की पेन्सिलीतलं आपसातलं, शाईतलं छापायचं. ही रीत तिला झोपेतही पाठ. पण घाईत हातात आलं ते लाल पेन. ‘हो. पण जाऊ नका,’ तिने लिहिलं, आणि पान त्याच्या टेबलावर ठेवलं.

तो जागेवर नव्हता. लाल शाई दिसताच काकांनी पान उचललं आणि खाली अक्षरजुळणीला दिलं.

गुरुवारी त्याने कॉफीचा विषयही काढला नाही. वाचूनही बोलत नाही – म्हणजे निघालाच हा...

शुक्रवारी मालकच ताजं प्रूफ नाचवत वर आले. “अहो बाई, नियम एकतीसला हे कसलं उदाहरण?”

नियमाखाली सुबक टाइपात छापलं होतं – हो. पण जाऊ नका.

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने मात्र ती ओळ दोनदा वाचली. मग निळं पेन उघडलं, आणि खोडायचं सोडून ओळीखाली ठिपके दिले, एकेक, सावकाश. प्रुफात त्या ठिपक्यांचा अर्थ एकच – राहू द्या.

“पुस्तकात?” मालक ओरडले.

“पुस्तकातून काढतो,” तो तिच्याकडे बघत म्हणाला. “उद्या पाच वाजता चालेल?”

“साडेचार,” ती म्हणाली. भांडल्याशिवाय कसं चालेल?

खुर्चीच्या पायाखाली सोमवारी सरकवलेली घडी म्हणजे त्या नोकरीचं पत्र होतं. नकार त्याने त्याच सकाळी कळवला होता.