एक्केचाळीस वेळा आलेला आवाज

"आज सकाळपासून एका अनोळखी प्राण्याचा आवाज एक्केचाळीस वेळा आला आहे," टिप्याने सांगितले.

केतकी खवणेकर चटकन पुढे सरकली. टिप्या हा तिच्या आजोबांच्या नावेवरचा यंत्रमानव. साल होते २०६४. नाव मालवणपासून आठ मैल आत समुद्रात, बंद इंजिनाने तरंगत होती, आणि हायड्रोफोनमधून (पाण्याखालचे आवाज टिपणारे यंत्र) येणारा प्रत्येक आवाज ओळखणे हे टिप्याचे काम होते. कोळंबीची कटकट, डॉल्फिनची शीळ, देवमाशाचे लांबलचक गाणे, सगळे त्याला कळे. हा आवाज मात्र कळत नव्हता.

"ऐकव बघू," केतकी म्हणाली.

कोरडा, तुटक आवाज आला. मग पुन्हा दोनदा. केतकीने मागे वळून पाहिले. तिचे आजोबा, म्हणजे आबा, नावेच्या टोकाला तोंडावर रुमाल धरून खोकत होते. तो खोकला नावेच्या तळातून पाण्यात उतरत होता आणि हायड्रोफोनमधून परत येत होता.

ती हसली, पण लगेच तिला तो आकडा आठवला. एकाच सकाळी एक्केचाळीस वेळा?

आबा, म्हणजे डॉ. दिगंबर खवणेकर, तीस वर्षे देवमाशांची गाणी नोंदवत होते. आठ दिवसांनी ते एका छोट्या पाणबुडीतून खाली जाणार होते. चार तास, अगदी निःशब्द. तिथे एक खोकला जरी आला तरी ध्वनिमुद्रण वाया जाणार होते.

"आबा, ताप आहे का तुम्हाला? कफ पडतो?"

"काही नाही गं. घशात नुसती खवखव. हवा बदलली की असं होतं."

केतकीचे समाधान झाले नाही. तिने टिप्याला जुनी सगळी ध्वनिमुद्रणे तपासायला लावली. हा आवाज पहिल्यांदा ११ जानेवारीला सापडला. त्याआधी दोन वर्षांत एकदाही नाही. मग ११ जानेवारीच्या आधी नवीन काय घडले होते? नावेला रंग दिला होता, पण तो नोव्हेंबरात. शिवाय आबा घरीही खोकत. थंडी तर दरवर्षीच असते. राहिली एकच गोष्ट. २८ डिसेंबरपासून आबांना रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली होती.

"गोळीनं खोकला?" आबा म्हणाले. "रक्तदाबाचा आणि घशाचा काय संबंध?" पण ते विचारात पडलेले दिसले.

पाच दिवसांनी आबांचा चष्मा आणायला केतकी त्यांच्या खोलीत गेली. टेबलावर गोळ्यांचे पाकीट होते. त्यातल्या पाच दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

"आबा, तुम्ही गोळी बंद केलीत?"

"तूच तर शोधून काढलंस ना! पाणबुडीतून वर आलो की करीन पुन्हा सुरू. मला ठणठणीत वाटतंय."

केतकीने रक्तदाब मोजायचे यंत्र त्यांच्या दंडाला बांधले. आकडे आले १७८ आणि १०४. पाच मिनिटे शांत बसवून तिने पुन्हा मोजले. फारसा फरक नव्हता.

"मी डॉक्टरांना सांगणार आहे," ती म्हणाली.

"केतकी, उगाच गवगवा करू नकोस."

आबा तिच्याशी क्वचितच अशा आवाजात बोलत. तिला वाईट वाटले. तरी तिने फोन लावला.

डॉ. नसरीन मुकादम तासाभरात घरी आल्या. त्यांनी आबांना तपासले आणि सगळी हकिकत ऐकून घेतली.

"सर, रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही. ठणठणीत वाटतं, आणि आत मेंदूवर, हृदयावर, मूत्रपिंडांवर ताण पडत असतो. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. त्रास झाला की मला सांगायचं."

"पण खोकला गोळीमुळेच ना?" केतकीने विचारले.

"बहुधा हो. बघ, आपल्या शरीरात एक विकर असतं (विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन). धक्क्यावरचा एक कामगार समज. त्याच्याकडे दोन कामं. पहिलं, 'आवळा!' असा निरोप तयार करायचा. तो ऐकून रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब वाढतो. दुसरं काम झाडलोटीचं. ब्रॅडिकायनिन नावाचं एक द्रव्य शरीरात तयार होत असतं, ते तो साफ करतो. आबांची गोळी या कामगाराला रजेवर पाठवते."

"म्हणजे निरोप जात नाही, वाहिन्या सैल राहतात," केतकी सावकाश म्हणाली. "पण झाडलोटही थांबते!"

"बरोबर. ते द्रव्य साचतं, श्वासमार्गातल्या नसांना चाळवतं, आणि कोरडा खोकला येतो. याला दुष्परिणाम म्हणतात (औषधाच्या हव्या असलेल्या कामासोबत होणारा नको तो परिणाम). ही गोळी घेणाऱ्या दहांपैकी साधारण एकाला असं होतं."

आबा इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते. आता ते वळले. "मग यावर उपाय?"

"दुसऱ्या गटातली गोळी. ती कामगाराला हात लावत नाही. निरोप ऐकणारे वाहिन्यांचे कान तेवढे बंद करते."

"आणि झाडलोट चालू राहते," आबा म्हणाले. त्यांना ती युक्ती आवडलेली दिसली. "पाणबुडीच्या फेरीपर्यंत खोकला जाईल?"

"नाही, सर. साचलेला परिणाम ओसरायला काही आठवडे लागतात. आणि या आकड्यांवर मी तुम्हाला पाण्याखाली जाऊ देणार नाही."

संध्याकाळी आबांनी पाणबुडीची फेरी रद्द केल्याचे स्वतःच कळवले. केतकी शेजारी बसून होती. "तू फोन केलास ते योग्य केलंस," ते म्हणाले आणि नवी गोळी पाण्याबरोबर घेतली.

पुढचे दिवस केतकी रोज ठरल्या वेळी रक्तदाब मोजून लिहीत राहिली. दोन आठवड्यांनी आकडे १३४ आणि ८२ वर आले. खोकला हळूहळू ओसरला. तेविसाव्या दिवशी दिवसभरात तो एकदाही आला नाही. तोवर देवमासे दूर निघून गेले होते. त्या हंगामात आबांना त्यांचे गाणे मिळाले नाही.

फेरतपासणीला केतकी आबांबरोबर दवाखान्यात गेली. काम आटोपले तरी ती खुर्चीवरून उठेना.

"डॉक्टर, दहांतल्या कुणाला खोकला येणार, हे गोळी द्यायच्या आधीच कळलं असतं तर?"

"अजून खात्रीनं सांगता येत नाही. कुणीतरी तशी चाचणी शोधायला हवी."

"त्यासाठी काय काय शिकावं लागतं?"

डॉ. मुकादम सांगू लागल्या. आबांनी आपल्या खिशातले पेन काढून केतकीपुढे धरले.

"जरा सावकाश सांगा," केतकी म्हणाली, "मी लिहून घेते."